बंद घरघंटीतला आवाज

मोताळ्याचा आठवडी बाजार होता त्या दिवशी मी आमची घरघंटी ऑटोत आडवी घातली आणि रहेमतुल्लाच्या दुकानी नेली. चैत्र लागला होता. सकाळीच पाठ भाजत होती. ऑटोवाला सारखा मागं पाहून कुरकुरत होता.

"मावशी, हे कपाट कुठी घेऊन राह्यल्या बाजारात?"

"कपाट नोहे, चक्की हाय. तू समोर पाह्य."

घरघंटी म्हणजे घरातली विजेची पिठाची चक्की, कमरेइतकी उंच. वरच्या तोंडातून दाणे सोडायचे, खाली डब्यात पीठ पडतं, आणि मधल्या लोखंडी पेटीत दगड फिरतात. गल्लीतल्या अर्ध्या बायका माझ्याकडं दळण आणायच्या. पण होळीपासून पीठ रवाळ यायला लागलं, वर हाताला चटका बसेल इतकं गरम. भाकर थापायला घेतली की कडेनं फाटायची. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या डोक्यावरची दळणाची डालकी माझ्या दारावरून पुढं जाताना मला दिसत होती.

रहेमतुल्लाच्या दुकानात छतापर्यंत मिक्सर, कुलरचे पंखे, इस्त्र्या, जळालेल्या मोटारी. आमच्या भागातलं कोणतंच यंत्र त्याच्या हातून न उघडता परत गेलेलं नव्हतं. त्यानं घरघंटी उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावर चढवून पेटीच्या कडेनं बोट फिरवलं आणि खाली बसला.

"गोजरभाभी, हे खुलत नाही."

"कायले खुलत नाही? बनवलं तवा कोणी तरी बंद केलंच असन ना?"

"बंद केलं, पण खोलासाठी नाही केलं. हे स्क्रू पाह्या. याले खाच नाही, कोना नाही, गुळगुळीत बटन. वरून गोंद ओतला. कंपनीवाले म्हणतात, बिगडली का फेका, नवी घ्या. आन आता तं ते कंपनीच बंद झाली."

"मंग फोड."

"फोडलं तं फुटन, भाभी. जोडणार कोण?"

मग त्यानं वरच्या तोंडात हात घातला आणि ज्वारीचे दाणे काढून माझ्यासमोर धरले. "हे काऊन ठेवता आत? दाणा ओल धरते, दगडाले चिकटते. मशीन रिकामी करून बंद कराची असते."

मी ते दाणे त्याच्या हातातून घेऊन पदराला बांधले. दळण झालं की मूठभर दाणे जात्याच्या तोंडात ठेवूनच उठायचं, ही माझ्या आईची रीत. तिचं दगडाचं जातं होतं. रिकाम्या तोंडाचं जातं ती कधी सोडत नसे. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात देव नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. भिंतीवर बाबासाहेब आहेत, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आहे, बस. पण हाताची सवय दीक्षेला विचारून लागत नाही. जात्याची घरघंटी झाली, माझी मूठ तशीच राहिली.

तशीच नादुरुस्त घरघंटी घेऊन मी घरी आले. ओसरीच्या कोपऱ्यात तिच्या जागी उभी केली. वायर गुंडाळून वर ठेवली. आणि त्या दिवशीसुद्धा, रहेमतुल्लाचं ऐकून आलेली मी, तिच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकूनच उठले.

घरात आम्ही दोघीच होतो. मी आणि माझी सून रेणुका. माझा मुलगा संघर्ष तिकडं चाकणला कंपनीत. रेणुकाला आठवा महिना होता. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडंच. हे तिचं दुसरं. पहिलं पोटातच गेलं. कधी गेलं ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. ते हालायचं थांबलं होतं आणि आम्ही म्हणत होतो, शांत स्वभावाचं आहे. तेव्हापासून पोरीचा एक हात कायम पोटावर असायचा. ताट वाढताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, बाळ हालतंय की नाही याच्याकडं लक्ष ठेवा. झालं. आमच्या घराला तेवढंच एक काम उरलं. मी वावरातून आले की पाणी पिण्याआधी विचारायची, "हालला का?" ती म्हणायची, "हाव." मग मी पाणी प्यायची.

तिला डोहाळे लागले होते ते पिठाचे. चिंच नको, कैरी नको. घरघंटीच्या कडेला जी गरम भुकटी साचते, दगडाचा वास असलेली, ती बोटानं टिपून खायची. मी ओरडायची, लोहाच्या गोळ्या समोर ठेवायची, ती गोळ्याही घ्यायची आणि मी पाठ फिरवली की पीठही चाटायची.

मोताळ्याहून आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवसाची गोष्ट. भर दुपार. आमच्याकडची चैत्रातली दुपार तुम्ही पाहिली असेल तर सांगायला नको. कुत्रं हालत नाही, पान हालत नाही. पत्रे तापून मधूनच कडकड वाजतात. मी ओसरीत फरशीवर आडवी झाले होते. डोळा लागतच होता तोच रेणुकानं बाजेवरून हळूच हाक मारली.

"आत्याबाई... कोणी काम करून राह्यलं."

"कोण करन या उन्हात? झोप."

"ऐका ना."

मी ऐकलं.

टिक्. टिक्. टिक्. बारीक, एका लयीत. लोखंड दगडावर पडल्यावर होतो तसा. मग थांबलं. आणि त्या थांब्यात एक लांब फुंकर ऐकू आली. फूऽऽ. मग पुन्हा टिक्, टिक्.

आधी मला वाटलं, शेजारी कोणी भिंत फोडतंय. उठून दारात गेले. रस्ता पांढराफटक, माणूस नाही. आत वळले तर आवाज ओसरीच्या कोपऱ्यातून येत होता. मी घरघंटीपाशी गेले आणि पेटीला कान लावला.

आत होता आवाज.

भीती नंतर आली. आधी राग आला. माझ्या घरात, मला न विचारता, कोण? मी पेटीवर थाप मारली. "कोण हाय बे आत?"

थांबलं. मी श्वास धरून उभी. एवढ्यात पुन्हा सुरू झालं, आता जरा हळू. झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून काम करणारी बाई जशी भांडी घासते, तसं.

"उंदीर असन," मी म्हटलं.

"उंदीर फुंकर मारते का, आत्याबाई?" रेणुका म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. मी वळून पाहिलं तर ती हसत होती. दोन्ही हात पोटावर. किती दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"इकडं या. हात ठेवा इथी."

मी हात ठेवला. कोपऱ्यात टिक् झालं आणि माझ्या तळव्याखाली बाळ हाललं. टिक्, हाललं. टिक्, हाललं. फुंकर आली तेव्हा तेही थांबलं.

"टोल्यासंग नाचून राह्यला," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला.

मला गोष्ट अर्धी सोडता येत नाही. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि घरघंटीच्या तोंडातून आत पाहिलं. उजेड थोडा खाली गेला आणि पुढं नुसता काळोख. मी ठेवलेले दाणे नव्हते. वास मात्र आला. दगडावर लोखंड घासलं की जो जळका वास सुटतो, तो. मी एक दाणा चिमटीत धरला आणि आत सोडला. लोखंडाच्या पेटीत दाणा पडला तर टण्ण वाजायला पाहिजे की नाही? नाही वाजला. कोणी खालच्या खाली झेलावा तसा गेला. मी दुसरा सोडला. तोही तसाच. तिसरा सोडायची माझी हिंमत झाली नाही, हे सरळ सांगते.

आवाज ऊन कलेपर्यंत चालला. मग मी वायर सोडली, प्लग लावला आणि ज्वारी ओतून बटण दाबलं. म्हटलं, जे काय आहे ते दळूनच निघेल. मोटार फिरली. घरघर नाही, थरथर नाही. डब्यात पीठ पडलं ते गार. बोटात धरलं तर पावडरीसारखं. नवी होती तेव्हासुद्धा तिनं असं पीठ दिलं नव्हतं.

मी पीठ पाहत होते तेवढ्यात रेणुकानं खालच्या नळीच्या कडेला बोट लावलं. तिथं पिठाच्या आधी एक करडी रेघ पडली होती. पीठ नव्हतं ते, दगडाचा चुरा होता. मी हात धरेपर्यंत तिनं बोट चाटलं होतं.

"थुंक! थुंक आधी!"

"गेलं पोटात," ती म्हणाली. "गोड हाय, आत्याबाई."

पीठ पदरात बांधून मी तानाबाईकडं गेले. तानाबाई आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी. डोळ्यांनी अधू, पण तोंड तिखट. दारात बाजेवर बसली होती.

"माय, हे पाह्य बरं पीठ."

"मले कुठी दिसते वं, हातावर दे." तिनं पीठ बोटांत चोळलं. पुन्हा चोळलं. मग माझ्याकडं तोंड केलं. "जातं टाकून घेतलं का तू?"

"जातं कुठी राह्यलं आता? घरघंटीचं हाय."

"मले नको शिकवू. हे टाकी लागलेल्या दगडाचं पीठ हाय. नव्या टाकीचं."

टाकी म्हणजे डाव्या मुठीत धरून, वरून हातोडी मारून दगडाला खाचे पाडायची छिन्नी. दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ रवाळ येतं, मग त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करायचा. माझ्या लहानपणी टाकीवाल्या बाया गावोगाव फिरायच्या, एवढं मला आठवत होतं. बाकीचं मला तानाबाईनं सांगितलं.

"सगळ्या आरोळी मारत येत," ती म्हणाली. "एक मात्र येत होती ते मुक्यानं येत होती. दुपारची. घरात शिरून जात्याचं तोंड पाहे. तोंडात मूठ असली का समजाचं, या घरी बोलावणं हाय. बसे आन टाकी लावे. मूठ घेऊन जाये. ना बोलणं, ना चालणं."

"कोणाची कोण होती?"

"कोणी इचारलं नाही. एक होती का दरसाल दुसरीच येत होती, तेबी कोणी पाह्यलं नाही. पदर पार खाली ओढलेला राहे." ती थांबली. "माह्या सासूच्या लहानपणीबी येत होती म्हणे."

"आन रीत काय होती? सगळं सांग."

"दुसरी रीत काय... घरात पोटुशी असली का मूठ काढून घेत. जात्याच्या तोंडावर फडकं बांधत. तिले दुरूनच परत लावत."

"काऊन?"

तानाबाईनं हातावरचं पीठ झटकलं. "टाकी दगडाले लागून राह्यली का कायले लागून राह्यली, ते तिलेबी कळत नसे म्हणत." मग तिनं तोंड जवळ आणलं. "रेणुकेले कितवा हाय गं?"

मी पदर झटकून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जागीच बसले. रेणुका बाजेवर, तीही जागी, वाट पाहत. मला तिचा राग आला तो यासाठी की ती वाट पाहत होती. सूर्य डोक्यावर आला आणि सुरू झालं. टिक्. टिक्. तिचा चेहरा उजळला.

"हालला," ती म्हणाली.

मी घरघंटीसमोर उभी राहिले. सकाळी नेहमीसारखी ठेवलेली मूठ वरून अजून दिसत होती. मी हात घालून दाणा न दाणा काढला. धुतलेलं फडकं आणलं आणि तोंड आवळून बांधलं. आणि मोठ्यानं बोलले. भूत मानत नाही मी. पण काम करणाऱ्या बाईशी काम करणाऱ्या बाईनं बोलावं तसं बोलले.

"बाई, तू कोण मले माहीत नाही. काम चांगलं केलं. पण माह्या घरात पोटुशी पोर हाय. मले रीत माहीत नव्हती. टाकी थांबव आन निघ."

हातोडी अर्ध्यावर थांबावी तसा आवाज तुटला. एक फुंकर आली, नेहमीपेक्षा लांब. मग काहीच नाही. पत्र्याची कडकड तेवढी राहिली.

"काऊन घालवलं?" रेणुका रडवेली झाली. "त्याले आवडत होतं."

"त्याले काय आवडते ते बाहेर आल्यावर सांगन तो. झोप."

ती झोपली. मीही झोपले, आणि चांगली झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. मी झाडलोट केली, पाणी भरलं. दिवेलागणीला लाईन गेली. मी मेणबत्ती लावत होते तेव्हा आतून आवाज आला. इतका बारीक की मला वाटलं, ती झोपेत बोलतेय.

"आत्याबाई... हालत नाही."

"कवापासून?"

"दुपारपासून... मले वाटलं झोपला असन."

मेणबत्ती खाली ठेवली. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं. साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ते सगळं केलं. पोटावर हात ठेवला. पोट गच्च होतं आणि गप्प होतं. मी हात हलवला, दाबला, हाका मारल्या. काही नाही. रेणुका माझ्याकडं पाहत होती. एकदा हे झालेलं असतं ना, मग बाई ओरडत नाही. ती नुसती पाहते.

मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी देऊळघाटला होती, ड्रायव्हर निघतो म्हणाला. निघतो म्हणजे किती वेळ, देव जाणे. देव न मानणाऱ्या माझ्या तोंडून हेच निघालं.

ओसरीत अंधार झाला होता. कोपऱ्यात घरघंटी उभी, तोंडाला पांढरं फडकं. माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आलं की टिक् झालं की तो हालत होता, आणि टिक् मी थांबवलं.

मी फडक्याची गाठ दातानं तोडली. ज्वारीच्या पिंपात हात घातला आणि मूठ भरून घरघंटीच्या तोंडात ओतली. दाणे आत गेले. आवाज नाही.

"ये बाई," मी म्हटलं. "माही चूक झाली असन तं माह्यावर घे. ये. काम कर."

काही नाही.

"ये ना वं माय..."

माझा कान पेटीला होता. लोखंड दिवसभर तापलेलं, अजून कोमट. आणि त्या लोखंडाच्या पलीकडं, अगदी माझ्या कानाशी, कोणीतरी लुगडं सावरून बसल्यासारखी सळसळ झाली.

टिक्.

मी आत ओरडले, "हालला का?"

मी कान पेटीवरून काढला नाही.

टिक्.

"रेणुका! हालला का?"

"...हालला," आतून आलं. आणि मग रडणं.

गाडी आली. बुलढाण्याला गेलो. सिस्टरनं पोटाला पट्टा बांधला, ठोके ऐकवले, म्हणाल्या, चांगले आहेत, उगाच घाबरल्या. रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

संघर्ष रजा काढून आला. त्याला रेणुकानं सगळं सांगितलं. तो शिकलेला, कंपनीत मशीनवर काम करणारा. त्यानं रहेमतुल्लाला फोन लावला आणि म्हणाला, "चाचा, या. खोलाची म्हणजे खोलाची. आत काय हाय ते माह्या मायले दाखवून देऊ."

मी नको म्हटलं नाही. खरं सांगू का, मलाही पाहायचं होतं.

रहेमतुल्ला आरी घेऊन आला. गुळगुळीत स्क्रूच्या डोक्यात त्यानं आरीनं खाच पाडली, गोंद खरवडला, पेचकस लावला आणि जोर दिला. स्क्रू फिरला. "आला," संघर्ष म्हणाला. रहेमतुल्लानं पेचकस उचलून हात बदलला. पुन्हा लावला, फिरवला, उचलला. मग त्याचा हात थांबला. त्यानं चष्मा काढून पुसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाभी... मी एक आटा खोलतो." त्यानं स्क्रूवर बोट ठेवलं. "ते आतून एक आटा आवळते."

संघर्ष हसला. "चाचा, सरकून राह्यला पेचकस."

"तूच पाह्य मंग."

आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. आरीची खाच आडवी झाली होती. कोणीच हात लावलेला नव्हता. ती खाच सावकाश, घरातल्या बाईनं आतून कडी सारावी तशी, फिरत फिरत उभी झाली आणि थांबली.

रहेमतुल्लानं पेचकस पिशवीत टाकला. "ज्यायचं काम चालू हाय त्यायले करू द्या," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. संघर्ष त्यानंतर घरघंटीबद्दल बोलला नाही. त्यानं ती फेकायची गोष्टही काढली नाही.

मग रेणुकाचे दिवस भरेपर्यंत मी रोज मूठ ठेवत राहिले. रोज दुपारी टाकी चालायची. रेणुका बाजेवर पडून ऐकायची, बाळ हालायचं, मी पाणी प्यायची. माणूस कशालाही सरावतो. मधूनच मी त्या पेटीशी बोलायलाही लागले होते. आज ऊन फार आहे. आज पोरीचे पाय सुजले. आतून फुंकर यायची. गल्लीतल्या बायका परत दळण आणायला लागल्या, पीठ हातात घेऊन म्हणायच्या, "गोजरे, कोणाकून दुरुस्त केली वं?" मी म्हणायची, "हाय एक बाई."

मुलगा झाला. नीट, सुखरूप, रडत रडत झाला. बाबासाहेबांच्या फोटोसमोर नाव ठेवलं, प्रसेनजित. पेढे वाटले. तानाबाईला नेऊन दाखवला, तिनं त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि गप्प राहिली. म्हातारी गप्प राहिली की मला आवडत नाही, पण मी आनंदात होते. मी विचारलं नाही.

तो जन्मला त्या दिवसापासून टाकी बंद झाली.

मी मूठ ठेवत होते. ती तिथंच दिसायची. दुसऱ्या दिवशी तिथंच, तिसऱ्या दिवशी तिथंच. शेवटी दाण्यांना कीड लागली. दुपारी कान लावला तर लोखंड, दुसरं काही नाही. पीठ हळूहळू रवाळ यायला लागलं. मी स्वतः रहेमतुल्लाला बोलावलं. तो यायला तयार नव्हता, आणला. पेचकस लावला तर सगळे स्क्रू असे आले की हातानंसुद्धा निघाले असते. झाकण उचललं. दगड होते. त्यांच्यावर इतके बारीक, इतके सारखे खाचे की रहेमतुल्ला म्हणाला, असं काम मशीनचंही नाही. आणि दगडांच्या बाजूला जी तळहाताएवढी जागा असते, तिथं सगळीकडं पीठ साचलेलं असायला पाहिजे होतं. ती जागा लख्ख होती. जाणाऱ्या माणसानं बसायची जागा झाडून ठेवावी तशी.

"गेली," रहेमतुल्ला म्हणाला. मलाही तसंच वाटलं. सुटलो, असं वाटलं. थोडं चुकल्यासारखंही वाटलं, तेही सांगते.

प्रसेनजितला मीच न्हाऊ घालते. न्हाणीत पाय पसरून बसायचं, पायांवर लेकरू पालथं, उताणं, तेल, डाळीचं पीठ, कोमट पाणी. तो रडत नाही. फार शांत आहे. परवा सकाळी त्याला उताणा घेतला. लेकरांच्या मुठीत दुपट्याचे धागे, मळ अडकतो, तो काढायला मी त्याची डावी बोटं एकेक करून उघडली. अंगठ्याच्या बेचक्यात माझ्या बोटाला काहीतरी कडक लागलं. वाटलं, डाळीचं पीठ सुकलं असेल. पाणी लावलं. तेल लावून चोळलं. निघेना. उजेडाला धरून पाहिलं.

घट्टा होता. पिवळट, जाड, पुरा मुरलेला. बोटांच्या बुडालाही रांगेनं तसेच. मला घट्टे कळतात. माझ्या हातांना विळ्याचे आहेत, कुदळीचे आहेत, बादलीच्या कडीचे आहेत, आणि त्यातला एकही वर्षाच्या आत पडलेला नाही.

"काय पाहून राह्यल्या, आत्याबाई?" रेणुकानं दारातून विचारलं. हातात टॉवेल, चेहऱ्यावर हसू. तिचा हात आता पोटावर जात नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "तेल आण अजून."

ती गेली. तो माझ्याकडं पाहत होता, शांतपणे, कामाच्या माणसानं पाहावं तसा. त्यानं अजून खुळखुळासुद्धा हातात धरलेला नाही.